बोट दाखवा बघू!

अहो, ऐकलंत का? जरा गडग्याशी या ना, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. आमसुलं वाळत घालतेय, हात बरबटलेत, नाहीतर मीच आले असते तुमच्याकडे.

आपले टोकाच्या घरातले भाऊ परवा बीएलओला, म्हणजे त्या मतदारयादीवाल्याला, शोधत फिरत होते. कशाला माहितीये? सुनेचं नाव अजून तिच्या माहेरच्या यादीत आहे ना, ते मुलाच्या मुंबईच्या यादीत कसं न्यायचं, ते विचारायला! आठ नंबरचा फॉर्म सुद्धा तोंडपाठ. मी म्हटलं, हेच का ते भाऊ? आयुष्यात कधी मतदानाच्या रांगेत न दिसलेले?

भाऊंचं तुम्हाला काय सांगायचं. सगळी नोकरी पॉवरहाऊसमध्ये गेली, डोंगराच्या पोटात. मतदानाचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य, "माझ्या एका मतानं काय टर्बाइन फिरणार आहे का?" वहिनी बिचाऱ्या दर वेळी आमच्याबरोबर यायच्या, आणि हे ओटीवर पेपर उलगडून. पेपर राजकारणाचाच बरं, तोही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत!

आता खरी गंमत. ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. उकाडा हा असा. दुपारी भाऊ स्वतःहून गडग्याशी आले आणि बोट नाचवून म्हणतात, "झालं हो आमचं!" बोट जांभळं, अगदी ठसठशीत. मी आधी खूशच झाले. मग बघते तर काय... उजवा हात! अहो, शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात, नखावरून खाली कातडीपर्यंत. यांचं नख स्वच्छ, आणि मागच्या जांभळीखाली हा सडा! मी एवढंच म्हटलं, "भाऊ, यंदा जांभळं लवकर पिकली वाटतं." पॉवरहाऊसच्या गावात भरदुपारी लाइट जावी, तसा चेहरा पडला हो त्यांचा.

मी कुणाला सांगितलं नाही. गिरणीवर दोघीच तर होत्या.

तर काय सांगत होते... हां, त्यांचा मुलगा. तो गोरेगावला. आपली अर्धी वाडी तिकडेच की, गोरेगाव नाहीतर जोगेश्वरी. उगाच नाही २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशे बावीस बायका मोजल्या! तर मुलगा मुलाबाळांसकट मे महिन्यात इथे. आंबे, फणस, काही विचारू नका. नाव मुंबईच्या यादीत, आणि मुंबईचं मतदान २० मेला. मी सूनबाईला विचारलं, "तुम्ही जाणार ना मतदानाला?" तर ती म्हणाली, "माझं नावच माहेरी आहे." आणि मुलगा म्हणाला, "काकी, एका दिवसासाठी कोण घाट नि हायवे करणार?" शिमग्याला येतात, गणपतीला उभं राहून येतात, तेव्हा हायवे आडवा येत नाही!

मग ४ जूनला निकाल. मुंबई उत्तर-पश्चिम, म्हणजे त्यांचंच गोरेगाव-जोगेश्वरी. रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर. फरक किती? ४८! हजार नाही, शेकडा नाही, अठ्ठेचाळीस. एका एसटीत बसतील एवढी माणसं! भाऊ टीव्हीसमोर बसले होते, मी ताकाची किटली द्यायला गेले होते... म्हणजे सहजच गेले होते. मुलगा खाली मान घालून गरा खातोय, आणि भाऊ बोटांवर मोजतायत, आपल्या वाडीतली तिकडच्या यादीतली किती माणसं त्या दिवशी इथे होती. मोजता मोजता थांबले. कुणीच काही बोलेना. मीच मग म्हटलं, "ताक घ्या."

राजस्थानचं ते माहिती असेलच. २००८ साली नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मतानं पडले. एका! ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते, मुख्यमंत्री होतील म्हणत होते लोक. आणि घरचीच माणसं मतदानाला गेली नव्हती, असं तेव्हा पेपरात आलं होतं. त्या घरात त्या रात्री काय संवाद झाला असेल... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय!

माझी भाची पुण्याला पॉलिटिकल सायन्स शिकते. तिनं एक सांगितलं, मला हसूच आवरेना. अमेरिकेत, मिशिगनमध्ये, २००६ साली प्रयोग केला. घरोघर पत्रं पाठवली. काहींच्या पत्रात शेजाऱ्यापाजाऱ्यांची यादीच छापली, मागच्या वेळी कोण मत द्यायला गेलं, कोण नाही, आणि आता पुन्हा कळवू म्हणून. तर ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यात शंभरातले तीसेक गेले, आणि या यादीवाल्यांत अडतीसेक! शंभरात आठ माणसं उठली, ती नुसत्या शेजाऱ्याच्या धाकानं! मी म्हटलं, अगं, मग त्यांना एवढी पत्रं कशाला लागली? आमच्याकडे गडगा आहे!

भाची आणखी म्हणाली, "मावशी, 'मत द्या' असं नुसतं सांगून उपयोग नसतो. किती वाजता निघणार, कुणाबरोबर, कुठून कुठे, असं विचार. ठरलं की माणूस जातो."

मग काय! विधानसभा आली, २० नोव्हेंबर २०२४. त्याआधी भाऊंच्या आईचं मत घरीच घेऊन गेले. ८५ च्या वरच्यांना ती सोय आहे ना, बारा-डी फॉर्म आधी भरून द्यायचा. नव्वदीच्या म्हातारीनं आडोशाला बसून मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट बंद केलं, आणि ओटीवर येऊन लेकाला म्हणाली, "माझं झालं. तुझं काय?" अहो, भाऊंनी पेपर तोंडासमोर धरला तो उलटा!

मी गडग्यावरूनच विचारलं, "भाऊ, किती वाजता निघताय?"

"कुठे?"

"नऊला की दहाला? आमच्याबरोबर येता की मागून?"

"बघू."

"बघू नाही, वेळ सांगा. स्लिप काढून ठेवते."

...नऊ म्हणाले! आणि नऊला शर्टाला इस्त्री करून हजर. परत आले तर डावं बोट असं वर धरलेलं, की चहाची कपबशी सुद्धा उजव्या हातात. मी जवळून बघितलं. नखावर आहे, कातडीवर आहे. जांभळं नोव्हेंबरात नसतातच म्हणा.

आणि ऐका, स्वतःच सांगायला लागले. म्हणे ही शाई मैसूरच्या कारखान्यात बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरतात. आणि आपल्या पोफळीच्या पॉवरहाऊसचं पहिलं जनित्र फिरलं तेही १९६२ सालीच! "दोघं एका वयाचे," म्हणाले. जन्मभर बटणांशी खेळलेला माणूस, हे एक बटण तेवढं राहिलं होतं.

कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही हं. ते गुप्त. वहिनींनाही ते सांगत नाहीत, मी विचारून... म्हणजे वहिनींनीच सांगितलं. पण गेलात की नाही, ते कुठे गुप्त आहे? सरकारनंच बोटावर लिहून ठेवलंय, महिनाभर पुसत नाही. आणि कुणीच पसंत नसेल तर 'नोटा' आहे, २०१३ पासून. ते बटणसुद्धा घरी बसून दाबता येत नाही.

खडपोलीला एमआयडीसीत जाणारी ती मुलगी म्हणत होती, रजा कोण देणार? मी म्हटलं, अगं, मतदानाला पगारी सुट्टी कायद्यात आहे, हक्कानं माग. आणि उमेदवाराच्या गाडीची वाट बघणाऱ्यांना सांगून ठेवा, तशी फुकट गाडी करणं कायद्यानं गैर आहे. आपली एसटी आहे, आपले पाय आहेत.

चला, कावळे बसतील आमसुलांवर. पण जाता जाता... तुमच्या धाकट्या सुनेचं नाव आलं का हो इकडच्या यादीत? नाही ना? मग उद्याच फॉर्म भरा. आणि पुढच्या मतदानाला किती वाजता निघायचं, ते आत्ताच सांगून ठेवा. मी इथेच असते, गडग्याशी.