भिकबाळीधारी

पावसाळा सुरू होतो, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव रंगू लागतात आणि पुण्यात एक जमात उजवा कान सांभाळत हिंडताना दिसते. ओळखायला सोपी. दुचाकीच्या आरशात मागची वाहनं सोडून कान बघणारा, फोन फक्त डाव्याच कानाला लावणारा आणि मित्र मिठी मारायला आला की दोन पावलं मागं सरून लांबूनच हात जोडणारा तरुण दिसला की समजावं, भिकबाळीचं भोक ताजं आहे.

खरं तर त्याच्यावर कुणाची सक्ती नसते. तुळशीबागेत चापाची भिकबाळी मिळते. मोती, मध्ये लाल खडा, कानाला अडकवली की झालं. मिरवणूक संपली की डबीत. पण हा पडला तत्त्वाचा माणूस. ‘चापाचीच घालायची तर मिशीही चिकटवूनच या की!’ असं सरावानंतरच्या चहाला तो चारचौघांत बोलून बसलेला असतो. आता बोललेलं निभवायचं तर कान पुढे करणं आलं.

तसा त्याचा कान एकदा टोचून झालेला असतो, बारशाच्या आसपास. त्या वेळची त्याची मर्दुमकी आई अजून सांगते. खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली होती म्हणे. पण ती कानाची पाळी. मऊ, रक्तपुरवठा भरपूर, ६ ते ८ आठवड्यांत भरून येणारी. भिकबाळी जिथं घालतात त्या वरच्या कडेला मात्र कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. वरचं पातळ आवरण झिरपवून देईल तेवढ्यावर तिनं भागवायचं. त्यामुळे तिथली जखम पुरती भरायला ६ महिने ते वर्षही लागतं. कान सोनारानंच टोचावेत हे म्हणीत ठीक आहे; पण ती म्हण पाळीपुरतीच घ्यावी, असं माझं मत आहे.

दुकानात शिरताना याच्या डोक्यात बंदूक असते. सुईनं टोचून घेतलं हे पथकात सांगायचं कसं? सुदैवानं टोचणारी मुलगी त्याच्यापेक्षा खमकी निघते. ‘बंदूक आम्ही ठेवतच नाही. तिच्यातला बोथट खिळा स्प्रिंगच्या जोरावर घुसतो, कूर्चा चेचून निघते. शिवाय ती बंदूक धड निर्जंतुकही करता येत नाही,’ ती पोकळ सुईचं पाकीट फोडत सांगते. मग हा खिशातून मखमली डबी काढतो. आत पणजोबांची भिकबाळी. मुलगी ती कौतुकानं बघते आणि डबी मिटून परत देते. ‘ही जखम भरल्यावर. पीळ घातलेल्या तारेत घाण अडकते, मोतीही ताज्या जखमेत चालत नाही. आत्ता टायटॅनियमचा, मागं चपटी चकती असलेला खिळा. सूज येणार, म्हणून दांडी जरा लांब.’ पेशवाईच्या तयारीनं गेलेला वीर कानात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका घेऊन बाहेर येतो.

घरी आजी हळद-खोबरेलाची वाटी घेऊन सज्ज.

‘आजी, हळद नाही, तेल नाही. दिवसातून दोनदा सलाईन, बस.’

‘सलाईन? अॅडमिट केलंय का तुला?’

‘मिठाचं पाणी गं. ०.९ टक्के.’

‘मग डब्यातलं मीठ घे की. आमटीत अंदाजानंच घालते मी. बिघडली कधी?’

बिघडत नाही हे कबूल, पण तीच आमटी कानात घालायची नसते हे तिला सांगायची याची छाती नाही. सोसायटीत तर सल्लागारांचा पूर येतो. ‘खिळा फिरवत राहा, नाहीतर चिकटेल’ हा सर्वांत लोकप्रिय सल्ला आणि सर्वांत घातकी. फिरवलं की आत नुकती धरलेली कातडी फाटते. स्पिरिट लावा म्हणणारे वेगळेच.

ज्या मुलाचा ओला टॉवेल आजवर पलंगावर पडलेला असायचा, तो आता रोज सकाळी साबणानं हात धुऊन, सलाईनमध्ये भिजवलेला गॉज कानाला धरून, श्वास रोखून उभा राहतो. खपली मऊ पडली की अलगद टिपायची, नखानं काढायची नाही. गळ्यातून घालायचे टी-शर्ट बंद, बटणांचे शर्ट सुरू. रात्री प्रवासातली गोल उशी गादीवर ठेवून तिच्या पोकळीत कान सोडून झोपायचं. बाळंतिणीलाही एवढी पथ्यं नसावीत. हेल्मेटला विरोध करायला पुणेकराला कारण लागत नाही. याच्याकडे निदान एक आहे. तरी बिचारा हेल्मेट घालतो. फक्त ते डोक्यावर उतरवायला त्याला एक अख्खा सिग्नल पुरत नाही.

एवढं करूनही पावसात भिजून, घामाघूम होऊन ढोल वाजवला की एखाद्या सकाळी कानाचा वरचा भाग लालबुंद, गरम आणि ठणकता होतो. पाळी मात्र शांत. अशा वेळी हसण्यावारी न्यायचं काम नाही. सूडोमोनास नावाचा ओलाव्यात रमणारा जंतू कूर्चेच्या आवरणात शिरला आणि डॉक्टरकडे जायला उशीर झाला, तर कूर्चा मरते, कान आकसतो आणि तालमीत पाऊलही न टाकता माणसाला पैलवानाचा कान मिळतो. आमचा हा मात्र घाबरट असल्यामुळे त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे पोचतो. ते वेळेवर आल्याबद्दल शाबासकी देतात, गोळ्या देतात आणि ढोलावर काही दिवस बंदी घालतात. शाबासकीचा भाग तो पथकाच्या ग्रुपवर टाकत नाही.

अनंत चतुर्दशी उजाडते. पांढरा कुर्ता, फेटा, सगळं जय्यत. उजव्या कानात अजून तो ठिपकाच आणि लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना फोन सरसावलेले. तत्त्व आणि फोटो यांच्या झटापटीत शेवटी तत्त्व हरतं. तुळशीबागेतली चापाची येते. पण उजव्या कानाला कशाचा स्पर्श होऊन चालणार नाही, म्हणून ती डाव्या कानाला लागते.

पहिल्या विश्रांतीला गर्दीतले एक काका जवळ येऊन निरखून बघतात.

‘भिकबाळी उजव्या कानात घालतात.’

‘माहितीये काका. उजवा टोचून घेतलाय.’

‘मग घातली का नाहीस?’

‘टोचलाय ना, म्हणून.’

काका क्षणभर विचार करतात, मग मागे उभ्या असलेल्या काकूंना हाक मारतात, ‘अगं, इकडे ये, ऐक हा काय म्हणतोय.’