शेडवाले काका

मुलीचं स्थळ काकांनी एका बैठकीत पसंत केलं. फ्लॅटच्या कर्जाच्या कागदांवर तर न वाचताच सह्या ठोकल्या. त्याच काकांना हॉलला बिस्किटी द्यावा की बदामी, हे गणपतीपासून ठरत नाहीये, आणि आता दिवाळी तोंडावर आली आहे.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतातच. शेडकार्ड ते पंचांगासारखं उघडतात आणि चष्मा कपाळावर चढवून नाकाशी धरतात. आल्यागेल्याची तोंडी परीक्षा ठरलेली. आपण भाबडेपणानं म्हणावं, "दोन्ही सारखेच की!"

"सारखे? अहो, ह्यात पिवळं आहे, ह्यात तांबडं! मोतीबिंदू तपासून घ्या एकदा."

पंचाईत ही, की काकांचं खरं असतं. दुकानातल्या मशीनमधून पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या, तांबड्या, काळ्या रंगाचे थेंबच पडतात आणि सगळा फरक त्या थेंबांचा. त्यात इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं. म्हणून काकांनी नमुन्याच्या डब्या आणून भिंतीवर फूटफूटभर चौकोन मारले, दोन-दोन हात देऊन. ते सकाळच्या उन्हात पाहिले. ट्यूबलाइटखाली पाहिले. उन्हात पसंत पडलेला बिस्किटी ट्यूबखाली कावीळ झाल्यासारखा दिसू लागला. पिवळा दिवा लावला, तर दोन्ही चौकोन एकमेकांत विरघळले. मग तेच चौकोन खिडकीच्या भिंतीवरही आले, कारण खिडकी ज्या भिंतीत असते तिच्यावर थेट उजेड पडतच नाही. (हे मात्र मला कधी सुचलं नसतं.)

लांबी भरून, घासून, प्रायमर मारून पेंटर मोकळा झालाय. रोज सकाळी येतो, चहा पितो आणि विचारतो, "साहेब, डबा बनवून आणू?"

"थांब रे! एकदा रंग मिसळला की दुकानदार परत घेत नाही."

हेही खरंच.

परवा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. शेडकार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोफ्यामागे, बसलेल्याचं डोकं टेकतं त्या उंचीवर बोट ठेवून पेंटरला म्हणाल्या, "इथं यांच्या तेलाचा डाग पडतो. दोन्हींत गडद असेल तो द्या. आणि पुसता येईल असा बघा."

पेंटर जिना उतरेपर्यंत काका गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी पहिल्यापासून बदामीच म्हणत होतो."