ढोरांवर चालणारी गाडी

गडचिरोलीहून धानोऱ्याला अपडाऊन करणाऱ्या आम्हा मास्तर लोकांत दोनच विषय चालतात : बदल्या आणि गाडीचं ॲव्हरेज. बदलीवर आपला जोर चालत नाही, म्हणून मी ॲव्हरेज हाती घेतलं आणि हायब्रिड आणली. ब्रेक दाबला की हिची बॅटरी चार्ज होते, एवढं ऐकून मी सिद्धांत मांडला की ब्रेक जितके जास्त, तितकं पेट्रोल कमी. मी भूगोल शिकवतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

तत्त्व खोटं नाही. ब्रेक हलकेच दाबला की चाकं मोटरला फिरवतात आणि मोटर जनित्राचं काम करू लागते. एरवी जी गती डिस्कवर घासून नुसती उष्णता झाली असती, तिची वीज होऊन बॅटरीत जमा होते. कचकन दाबला तर मोटरला एवढा भार घेता येत नाही; मग नेहमीचे ब्रेक लागतात आणि सगळं हवेत जातं. म्हणून ब्रेक लवकर, हलका आणि लांबवर दाबायचा. हे कळल्यापासून फाटा दिसण्याआधीच माझा पाय पेडलवर असे. मागची लालपरी हॉर्न देऊन देऊन शेवटी उजवीकडून निघून जाई आणि तिच्या खिडकीतून आमचे विद्यार्थी हात हलवत.

पण अडचण भूगोलाचीच निघाली. या विद्येला उतार तरी हवा, नाहीतर सारखं थांबणं तरी. पुण्या-मुंबईत सिग्नल आहेत. आमच्याकडे सागवान, बांबू आणि धानाच्या बांध्या. समोच्च रेषांचा नकाशा पसरून मी रोजच्या वाटेवर उतार शोधला. वर्गात जेवढ्या तन्मयतेने कधी शिकवला नसेल तेवढ्या तन्मयतेने तो नकाशा वाचला. हाती काही लागलं नाही.

सोडवणूक केली ती ढोरांनी. पावसाळ्यात बांध्या चिखलाने भरतात, डांबर तेवढं कोरडं राहतं, म्हणून कळपच्या कळप रस्त्यावर रवंथ करत बसतात. लोक त्यांना शिव्या देतात. मला तो प्रत्येक कळप चार्जिंग स्टेशन वाटू लागला. लांबून शिंगं दिसली की मी मुद्दाम वेग वाढवायचा, म्हणजे ब्रेकला ऐवज मिळतो. एका ढोरक्याने काचेत वाकून विचारलंच, "सर, आमची ढोरं पाहून येवढे खुश काहून होता जी?"

लेखा-मेंढ्याजवळ तर मलाच थोडी लाज वाटायची. देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी हे एक. 2009 साली 1,800 हेक्टरांवर जंगलाचा कारभार या ग्रामसभेने आपल्याकडे घेतला, आणि त्याच गावाशेजारून मी डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या एका दांडीचा हिशेब करत चाललेला.

मागच्या सीटवर भौतिकशास्त्राच्या मॅडम असत. रोजच्या या हेलकाव्यांनी त्यांना मळमळू लागलं, तेव्हा त्यांनी कागद काढला. गाडी माणसांसह 1,400 किलो, वेग ताशी 60. म्हणजे पूर्ण थांबताना उपलब्ध ऊर्जा साधारण 0.054 युनिट. मोटर, तारा, बॅटरी यांत घट जाऊन निम्मी परत आली असं धरलं, तरी नऊ वॅटचा बल्ब तीन तास चालेल. गाडी चालेल जेमतेम दोनशे मीटर. "आणि सर, ढोरांसमोर तो 60चा वेग तुम्ही पेट्रोल जाळूनच आणला होता."

मी इतिहासाकडे वळलो. बोरघाटात रेल्वेला 1 फूट चढायला 37 फूट जावं लागतं. कल्याण-पुणे मार्ग 1929च्या सुमारास विजेवर आला, तेव्हा 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी इंजिनं घाट उतरताना वीज तारेत परत सोडत. दिल्ली मेट्रोची तर याच कामासाठी 2007 साली संयुक्त राष्ट्रांकडे कार्बन क्रेडिटकरता नोंद झाली! मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिथे परत गेलेली वीज चढणीवरची दुसरी गाडी वापरते, सर. तुमच्या मागे आहे ती एसटी. आणि तुमची बॅटरी पाऊण युनिटची."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण रविवारी सगळ्यांना घेऊन मुरूमगावच्या बाजूला गेलो. तिकडे डोंगर आहेत. उतार लागताच गिअरचा दांडा मोठ्या थाटात 'बी'वर ओढला. बी म्हणजे बॅटरी, हे मी कोणालाही न विचारता ठरवलेलं. इंजिन जे कोकलायला लागलं, ते उतार संपेपर्यंत. सौ. म्हणाल्या, "अहो, ती काहीतरी सांगतेय!" ती सांगत होती ते असं, की 'बी'वर पेट्रोलशिवाय नुसतं इंजिन फिरवून गाडी आवरली जाते. लांब घाटात बॅटरी भरून गेली आणि ब्रेक तापू लागले, तर त्याचा उपयोग. बॅटरीत जास्त जातं ते 'डी'वर ठेवून हलका ब्रेक दाबल्यावर.

पुढे चाकांतून करकर आवाज येऊ लागला. मिस्त्रीने चाक काढलं आणि हसला. पॅड कोरे करकरीत, डिस्क मात्र गंजलेली. मोटरच गाडी थांबवत असल्यामुळे खऱ्या ब्रेकांना कामच उरलं नव्हतं, आणि वर आमच्याकडचा पाऊस. "सर, कधीतरी ब्रेक वापरा जी," एवढाच त्याचा सल्ला.

तर हायब्रिडवाल्यांनो, वेग एकसारखा ठेवा. ढोर लांबून दिसलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय आधी काढा, ब्रेक नंतर. आणि पावसाळ्यात अधूनमधून, मागे कोणी नाही हे पाहून, एकदा ब्रेक जोरात दाबा. माझं ॲव्हरेज आता सुधारलंय. मॅडम मात्र एसटीनेच येतात, आणि माझ्या आधी पोचतात.