नाव कितव्या पानावर?

फुटबॉलपटूचं आत्मचरित्र लिहायला वय लागत नाही. वेन रूनीचं आलं २००६ साली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आणि ते नुसतं पहिलं होतं. प्रकाशकानं त्याच्याशी बारा वर्षांत पाच पुस्तकांचा करार केला होता, तोही पन्नास लाख पौंडांचा, असं तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. आपल्याकडे विसाव्या वर्षी माणूस फार तर कवितासंग्रह काढतो, आणि तो स्वखर्चानं. आत्मचरित्र हे मराठीत निवृत्तीनंतरचं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं काम. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यातले निम्मे लोक तोवर वर गेलेले असतात आणि उरलेल्यांना बारीक टाइप दिसत नाही, त्यामुळे लेखकाला मोकळेपणानं लिहिता येतं. फुटबॉलवाल्यांची पंचाईत अशी, की ज्यांच्यावर लिहायचं ते सगळे हयात असतात, तंदुरुस्त असतात आणि येत्या शनिवारी मैदानात समोर उभे असतात.

मला या पुस्तकांचा नाद आहे. कोल्हापूरचा असल्यामुळे असेल. आमच्याकडे फुटबॉल शाळेतून येत नाही, तालमीतून येतो, आणि शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ उभी राहिली की घरातले व्याहीसुद्धा दोन बाजूंना बसतात. पण खरं सांगायचं तर पुस्तकांपेक्षा ती वाचणारे मला जास्त आवडतात. इतक्या चवीनं आणि इतक्या रागानं वाचणारा वाचक कादंबरीकाराच्या नशिबी नसतो.

इंग्रजी पुस्तकांना मागे नामसूची असते, आणि सगळा घोटाळा तिथे सुरू होतो. लग्नपत्रिका हातात आली की वधू-वर कोण आहेत हे बघायच्या आधी आपण ‘आपले विनीत’मध्ये आपलं नाव शोधतो, आणि ते सापडलं की ते कोणाच्या खाली छापलंय यावरून आहेराची रक्कम ठरवतो. तिकडचे मॅनेजर, जुने सहकारी, एजंट नेमकं हेच करतात. पुस्तक उलटं धरायचं, आपलं आडनाव शोधायचं, पान काढायचं आणि वकिलाला फोन लावायचा. आपल्या मराठी आत्मचरित्रांना बहुधा सूचीच नसते, हा आपल्या प्रकाशकांचा धोरणीपणा आहे. ज्याला राग यायचा आहे त्याला आधी चारशे पानं वाचावी लागतात. तोवर निम्मा राग उतरतो आणि अब्रुनुकसानीची मुदतही टळते.

रूनीच्या पुस्तकाला असा एक वाचक मिळाला. डेव्हिड मोयस, एव्हर्टनमधले त्याचे जुने मॅनेजर. त्यांनी आपली खाजगी गोष्ट वर्तमानपत्रापर्यंत पोचवली अशा अर्थाचा मजकूर पुस्तकात होता. मोयस यांनी रूनीवर, प्रकाशकावर आणि शब्दांकन करणाऱ्या हंटर डेव्हिसवर एकदमच दावा लावला. हे डेव्हिस म्हणजे बीटल्सचं अधिकृत चरित्र लिहिलेले गृहस्थ. बीटल्समधून सहीसलामत सुटलेला माणूस रूनीच्या विसाव्या वर्षात सापडला. २००८ साली जाहीर माफी झाली, भरपाई झाली, मोयस यांनी पैसे एव्हर्टनच्या जुन्या खेळाडूंसाठी देऊन टाकले. कोणालाही वाटेल, संपलं. पण २०१३ मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि मँचेस्टर युनायटेडला नवे मॅनेजर आले. डेव्हिड मोयस. संघात रूनी. पुस्तकावर कोर्टात अभिप्राय दिलेला वाचक साहेब म्हणून येऊन बसला आणि लेखकाची टीममधली जागा त्याच्या हाती गेली. मराठी समीक्षकांनी नुसत्या कल्पनेनं झोपेत हसावं असा हा प्रसंग आहे.

पण माझं सगळ्यात लाडकं पुस्तक अ‍ॅशली कोलचं, ‘माय डिफेन्स’. तेही २००६ चंच. ते वर्षच तसं होतं. कोल हा लंडनच्या स्टेपनीतला पोरगा, लहानपणापासून आर्सेनलमध्ये वाढलेला, इंग्लंडचा एक नंबरचा लेफ्ट बॅक. २००५ च्या जानेवारीत तो लंडनमधल्या एका हॉटेलात चेल्सीच्या मंडळींना गुपचूप भेटला. ते बाहेर फुटलं आणि सगळ्यांना दंड झाले. पुढच्या वर्षी तो चेल्सीत गेला आणि आपली बाजू मांडायला त्यानं पुस्तक काढलं. त्यात एक प्रसंग आहे. कोल गाडी चालवतोय. एजंटचा फोन येतो. आठवड्याला साठ हजार पौंड तोंडी ठरले होते म्हणे, आणि आर्सेनल पंचावन्नच द्यायला तयार आहे. हे ऐकून त्याची गाडी रस्त्यावरून उतरता उतरता राहते.

हे वाचून उभ्या इंग्लंडनं त्याला ‘कॅशली’ केलं. आर्सेनलचे लोक मैदानात खोट्या नोटा फडकवू लागले, त्यांवर त्याचाच चेहरा. तो पुढे इंग्लंडकडून शंभरावर सामने खेळला, भल्याभल्या विंगरना त्यानं खिशात घातलं, पण तो दिसला की लोकांना ती गाडीच आठवायची. स्वतःच्या बचावासाठी लिहिलेल्या पुस्तकात बचावपटूनं इतका सुबक स्वयंगोल केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या शेजारी एक काका आहेत, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी हा प्रसंग सांगितला.

“पंचावन्न हजार. महिन्याला?”

“आठवड्याला, काका. आणि पौंड.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “आणि साठचं लेखी काही होतं?”

“नाही. तोंडीच.”

“मग चूक त्याचीच. मीटिंगचे मिनिट्स घ्यायला नकोत? आणि गाडी चालवताना फोन कशाला घेतो हा?”

विषय मिटला असं मला वाटलं. दोन दिवसांनी दूध आणायला निघालेले काका फाटकापाशी थांबले. त्यांनी हिशोब केला होता. “अहो, पाच हजार पौंड म्हणजे त्या वेळच्या दरानं चार लाखांच्या वर जातात. दर आठवड्याला चार लाख! मग गाडी उतरणारच हो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “शहाऐंशी साली माझं एक इन्क्रिमेंट अडकवलं होतं हेड ऑफिसनं. ते पत्र वाचलं आणि बिंदू चौकात मी सायकल थेट भाजीच्या हातगाडीवर घातली. हिला अजून सांगितलेलं नाही.” उभ्या जगात अ‍ॅशली कोलबद्दल गहिवर आलेला वाचक आमच्या कॉलनीत राहतो, हे कोलला कोणी तरी कळवायला हवं.

मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनच्या वाचकांनी मात्र गहिवरायला वेळ घेतला नाही. त्याचं पुस्तक २००२ चं. शब्दांकन एमन डन्फीचं, स्वतः आयर्लंडकडून खेळलेला तिखट पत्रकार. एप्रिल २००१ च्या मँचेस्टर डर्बीत कीननं आल्फ-इंग हालांडच्या गुडघ्यावर लाथ घातली होती. (आज जो एर्लिंग हालांड धडाधड गोल करतो, त्याचे वडील. एर्लिंग तेव्हा पाळण्यात.) रेड कार्ड मिळालं, तीन सामन्यांची बंदी झाली, पाच हजार पौंड दंड झाला, प्रकरण मिटलं. आणि मग पुस्तकात असं आलं की ती लाथ चुकून नव्हे, जुना हिशोब चुकता करायला ठरवून घातली होती. आता इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं पुस्तक हातात घेतलं. एरवी या संस्थेला वाचनाची गोडी असल्याचं ऐकिवात नाही, पण हे पुस्तक त्यांनी अगदी परीक्षेला नेमल्यासारखं वाचलं. सुनावणीत डन्फीनं सांगितलं, शब्द माझे आहेत, कीनचे नव्हेत. काही उपयोग झाला नाही. कीनला आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड.

आमचे मामा एके काळी तालमीचे गोलकीपर होते. त्यांचा उजवा गुडघा अजून ज्या सामन्याची आठवण काढतो, तो आमच्या जन्माआधीचा आहे. हे सगळं ऐकून त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

“म्हंजे पायानं मारलं तर तीन, आन् हातानं लिवलं तर पाच?”

“हो.”

“आन् दंड?”

“पाच हजाराचा दीड लाख.”

“मग मारावं आन् गप बसावं की! लिवायला कुणी सांगितलं हुतं?”

कीनला हे पटलेलं दिसत नाही. २०१४ साली त्यानं दुसरं पुस्तक काढलं, आणि या खेपेला शब्दांकनाला थेट बुकर विजेता कादंबरीकार गाठला, रॉडी डॉइल.

आता कोणी म्हणेल, निदान स्वतः खेळाडू तरी ही पुस्तकं शांतपणे वाचत असतील. मुळात ते वाचतात का, इथूनच शंका आहे. झ्लाटान इब्राहिमोविचचं पुस्तक २०११ साली स्वीडनमध्ये आलं आणि जन्मात पुस्तक न उघडलेल्या पोरांनी ते उघडलं. माल्मोच्या रोसेनगार्ड वस्तीतला, सायकली चोरणारा मुलगा सांगतोय, सगळं त्याच्या त्याच्या भाषेत. तर ती भाषा डेव्हिड लागरक्रांट्सची होती. त्यानं पुढे उघडच सांगितलं की झ्लाटानचं बोलणं जसंच्या तसं उतरवण्याऐवजी आपण एक साहित्यातला झ्लाटान उभा केला. खुद्द झ्लाटानची हस्तलिखितावरची पहिली प्रतिक्रिया अशी, की हे काय आहे, मी हे कधीच बोललो नाही. मग हळूहळू त्याला ते आवडत गेलं आणि शेवटी ती आपलीच गोष्ट आहे असं त्याला वाटू लागलं. लागरक्रांट्स पुढे स्टिग लार्सनच्या कादंबऱ्यांचं पात्र घेऊन नवी कादंबरी लिहायला गेला. झ्लाटाननंतर काल्पनिक माणूस त्याला सोपाच गेला असणार.

हे पुस्तक मी भाच्याला दिलं. तो मेस्सीवाला. विश्वचषकाच्या वेळी मेस्सीचा कटआउट उभा करायला विजेच्या खांबावर चढलेला. त्यानं अख्ख्या पुस्तकातून फक्त बार्सिलोनाची प्रकरणं वाचली. झ्लाटान तिथे २००९ ला आला, एक हंगाम खेळला, मॅनेजर ग्वार्डिओलाशी त्याचं बिनसलं आणि तो मिलानला गेला, त्याची सगळी कैफियत तिथे आहे.

“मामा, हा मेस्सीला शाळकरी पोरगा म्हणतोय! झावीला, इनिएस्टालाबी!”

“म्हणजे शिस्तीत वागणारे, असं म्हणतोय तो.”

“शिवीच हाय ती,” भाचा म्हणाला, आणि त्यानं त्या पानावर बॉलपेननं मोठी फुली मारली. पुस्तक माझं होतं.

इटलीच्या पिर्लोचं पुस्तक मात्र भाच्यानं आईपुढे पुरावा म्हणून ठेवलं. ९ जुलै २००६, बर्लिनमध्ये विश्वचषकाची फायनल, आणि पिर्लो लिहितो की ती दुपार त्यानं झोपण्यात आणि प्लेस्टेशन खेळण्यात घालवली. रात्री इटली विश्वविजेती. शूटआउटमधली पहिली पेनल्टी त्यानंच मारली आणि ती आत गेली. ताईनं पान वाचलं, पुस्तक मिटलं. “त्यानं बारावीला गणित घेतलं होतं का?” एवढंच विचारलं. पिर्लोवर इतकी नेमकी टीका मी इटालियन पत्रकारांकडूनही ऐकलेली नाही.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. टोनी शूमाखर, पश्चिम जर्मनीचा गोलकीपर आणि कप्तान. त्यानं १९८७ साली ‘अनफिफ’ लिहिलं आणि जर्मन फुटबॉलमध्ये औषधं कशी घेतली जातात ते सांगून टाकलं. राष्ट्रीय संघातून तो गेला. दीड दशक ज्या कोलोन क्लबसाठी खेळला त्यांनीही त्याला काढलं. १९८२ च्या विश्वचषकात त्यानं फ्रान्सच्या बॅटिस्टनला इतक्या जोरात धडक दिली की त्या बिचाऱ्याचे दात पडले आणि तो बेशुद्ध झाला. त्यावर साधा फाउलही दिला गेला नव्हता. मामांचा हिशोब इथेही चुकत नाही.

त्यापेक्षा लेन शॅकल्टन शहाणा. सुंदरलँडचा हा खट्याळ खेळाडू. १९५५ च्या त्याच्या पुस्तकात क्लबच्या सर्वसाधारण संचालकाला फुटबॉलमधलं काय कळतं, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रकरणाचं नाव छापलंय आणि खाली पान कोरं. सत्तर वर्षं झाली, पुस्तकातलं दुसरं काही फारसं कोणाला आठवत नाही, पण ते कोरं पान सगळ्यांना तोंडपाठ आहे. अब्रुनुकसानीचा दावा लावायचा तर कोणत्या वाक्यावर लावणार?

हे मामांना सांगितलं आणि माझ्याकडून आगळीक झाली. त्यांना वाटलं, आपणही लिहावं. भाचा म्हणाला, आजोबा, तुम्ही बोला, मी मोबाइलवर टाइप करतो. मी मधे पडलो नाही. मला वाचकांची उत्सुकता होती. मामांनी घसा साफ केला आणि थेट सेमीफायनलपासून सुरुवात केली. पाऊस, चिखल, टायब्रेकर, स्टेडियममध्ये मुंगी शिरायला जागा नाही, आणि आपण डावीकडे झेप घेऊन अडवलेली ती पेनल्टी. मी ऐकलेल्या मागच्या आवृत्तीत ती उजवीकडे होती, पण शब्दांकनात एवढं चालायचंच.

स्वयंपाकघरातून मामी आल्या. हाताला पीठ.

“त्याच दिवशी माझ्या भावाचं लगीन हुतं. त्ये बी लिवा.”

मामा म्हणाले, “ती खाजगी बाब हाय.”

“अक्षता पडूस्तोवर वाट बघितली समद्यांनी. करवल्या विचारत हुत्या, दाजी कुठं हायत. मी सांगितलं, बँकेत काम निघालंय. रविवारी!”

“अगं, फुटबॉलचं पुस्तक हाय ह्ये.”

“असू दे की. तुमी न्हाई लिवलासा तर मी लिवतो.” कोल्हापुरातल्या बायका जशा ठणकावून सांगतात तसं त्यांनी सांगितलं आणि त्या पोळ्या लाटायला आत गेल्या.

मामा खुशाल हसले. त्यांनी ‘आहे मनोहर तरी’ वाचलेलं नाही.