मागं-पुढं कुणी आहे का?
(कुपवाडच्या एका घरमालकांना खुले पत्र)



तुमचं नाव लिहीत नाही. कुपवाडात असे तुम्ही एकटेच असाल, अशी माझी वेडी आशा आहे.

आधी आभार मानतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, तेव्हा तुमच्या स्टेटसमुळंच मला वळिवड्याची गोष्ट कळली. सोव्हिएत रशियानं घरादारातून उचलून सैबेरियाकडं हाकललेले, इराणमार्गे इथवर पोचलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यात बहुतेक बायका-मुलं. १९४३ ते १९४८ ती सगळी कोल्हापूरजवळच्या छावणीत राहिली. शाळा, दवाखाना, चर्च, पोरक्या मुलांसाठी अनाथाश्रमसुद्धा. खाली तुमची ओळ होती : 'ही आपल्या मातीची माणुसकी!'

त्याच भरवशावर त्या दोघींना घेऊन भाड्याची खोली मागायला तुमच्या दारी आलो. थोरली एमआयडीसीत पॅकिंगला, धाकटी बारावीला. एकाच बालगृहात वाढलेल्या, अठरा पूर्ण झाल्यावर पत्र्याच्या पेट्या घेऊन बाहेर पडलेल्या.

तुम्ही चहा पाजलात, हे विसरणार नाही. मग विचारलंत, "आडनाव?" थोरलीनं सांगितलं. "ते संस्थेनं लावलेलं. खरं कुठलं?" मग मूळ गाव. मग, "मागं-पुढं कुणी हाय का?"

थोरलीनं प्लास्टिकच्या पिशवीतून अनाथ प्रमाणपत्र काढलं. चष्मा लावून ते तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचलंत आणि म्हणालात, "हे खरं. पण जबाबदारी कुणाची?"

सरकारला सिद्ध करून हवं होतं, की यांचं कुणी नाही. तुम्हाला सिद्ध करून हवं होतं, की कुणीतरी आहे. एका कागदानं दोघांचं समाधान कसं व्हायचं? २०१८ साली सरकारनं अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. झोपायची जागा तेवढी तुमच्यावर सोडली. चूक सरकारचीच.

मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसा, वाटेत वळिवडे स्टेशन लागतं. पोलिश मंडळी गेली आणि तिथंच फाळणीत उजाडलेली सिंधी कुटुंबं आली, गांधीनगर वसलं. दोन्ही खेपेला आलेल्यांचं मूळ गाव हातचं गेलेलंच होतं. तेव्हा दारात कुणी तुमच्यासारखं चष्मा लावून बसलं असतं, तर स्टेटसला फोटो कुठून मिळाला असता?

परवा तुमच्या गल्लीतून गेलो. खोलीला भाडेकरू मिळाला म्हणे, अभिनंदन! मंडळाचे दोन स्पीकर, वर्षभराच्या मुक्कामाला. आडनाव विचारलंत ना? मूळ गाव? रात्री उशिरा आवाज करणार नाहीत, असं लिहून घेतलंत?

पोरी सध्या मिरजेत एका ओळखीच्यांच्या माळ्यावर आहेत. पहिल्या पाळीसाठी थोरली पहाटे अंधारात बसची वाट बघत उभी राहते.

तुमची पाटी मात्र काढायची राहिलीय : 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.' रंगारी आला, की खाली एवढी एक ओळ वाढवून घ्या : 'ऐंशी वर्षांपूर्वी आलेल्यांना प्राधान्य.'

आपला,
चहा पिऊन परतलेला एक शेजारी