रोमन नाणं ओळखा: गोराईकरांसाठी सोपी पद्धत

आधी नाणं मिळवा. गोराई खाडीवर बोटीची वाट बघताना कुणी रुमालात गुंडाळलेली हिरवट चकती काढून "रोमन आहे, जाळ्यात आली" म्हणालं, तर मान डोलवा, पाकीट मात्र काढू नका.

आता ती स्वच्छ करा. चिंच, लिंबू, पितांबरी, घरात असेल ते. दहा मिनिटांत कळंक जाईल, देव जाईल आणि किंमतही जाईल. हे नको असेल तर हातच लावू नका.

मग देव ओळखा. तोंडाकडे बघू नका, हातात काय धरलंय ते बघा. आपल्याकडेही शंख-चक्र दिसल्यावरच विष्णू कळतो. तराजू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर ती मोनेटा, टांकसाळीची देवी. किंवा ऐक्विटास, न्याय्य व्यवहाराची देवी. तिच्याही हातात तेच. दोघींतला फरक कडेच्या अक्षरांवरून कळतो आणि झिजलेली असतात ती नेमकी कडेचीच अक्षरं! पाठीला पाठ लावलेली दोन दाढीवाली तोंडं म्हणजे जेनस, मागच्या बाजूला बहुधा जहाजाची नाळ. वेदीवर ताटली तिरकी धरलेली दिसली तर अर्घ्य चाललंय. गरुड आणि 'कॉन्सेक्रातिओ' ही अक्षरं म्हणजे बादशहा वारला आणि अधिकृतपणे देव झाला. किरणांचा मुकुट घालून उजवा हात उंचावलेला तो सूर्य, सोल. इथे नवशिके हमखास फसतात. बादशहा कॉन्स्टंटाइन 312 साली ख्रिस्ताच्या बाजूने जिंकला असं आपण शाळेत शिकतो. त्याच्या काशाच्या नाण्यांवर मात्र पुढेही काही वर्षं सूर्यच त्याचा सोबती म्हणून उभा आहे. बादशहांना घाई नसते.

आता मुद्द्याचं. रोमचं सोनं-चांदी भारतात भरपूर आलं. तांब्या-काशाची उत्तरकालीन चिल्लर सापडते ती मुख्यतः तमिळनाडूत, करूर-मदुराईकडे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला काशाचा ग्रीक समुद्रदेव पोसायडन निघाला खरा, पण ती मूर्ती. गोराईत धर्मचिन्ह असलेलं जुनं नाणं मिळालंच, तर ते पोर्तुगीजांचं असण्याचा संभव जास्त. 1534 च्या तहापासून 1739 पर्यंत वसईबरोबर हा पट्टा त्यांच्याकडे होता. त्यांच्या शिसं-कथलाच्या काही 'बझारूक' नाण्यांवर चाक असतं. ते बैलगाडीचं नव्हे, संत कॅथरीनच्या छळाचं. तिच्या सणाच्या दिवशी, 25 नोव्हेंबर 1510 ला, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला. तेव्हा चाक दिसलं की रोम विसरा.

शेवटची पायरी फार कमी लोक चढतात. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आपल्या उपनगराचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.