ब्रेक रंगवून मिळतील

गाडीचा नेमका कोणता भाग रंगवला म्हणजे माणूस सुखी होतो, याचा शोध आमच्या गल्लीत लागला आहे. बॉनेट नाही, बंपर नाही, छतही नाही. चाकाच्या आत डिस्कला कडेने धरून एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा बसलेला असतो, त्याचं नाव कॅलिपर. आपण पायाने ब्रेक दाबतो, ब्रेक ऑइलचा दाब त्याच्या पोटातल्या पिस्टनवर जातो, दोन बाजूंचे दोन पॅड फिरत्या डिस्कला आवळतात आणि गाडी थांबते. एवढं काम करूनही हा प्राणी जन्मभर धुळीत आणि काळोखात पडलेला. शेजारच्या भाऊंच्या पोराला त्याची दया आली आणि त्याने लाल रंगाचा डबा मागवला.

डब्यावर लिहिलं होतं की हा रंग ४८० अंशांपर्यंत टिकतो. उष्णतेचा आकडा सांगून चंद्रपूरच्या माणसाला कोणी दबवू शकत नाही. मे महिन्यात आमचा पारा ४६-४७ वर जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत आपलं नाव शोधताना आम्हाला एक प्रकारचा अभिमान वाटतो. भाऊंनी चष्मा वर करून डबा वाचला आणि विचारलं, “पॉइंट द्यायचा राह्यला का यांचा?”

लालच का, हे विचारायची सोय नाही. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ब्रेम्बो नावाची कंपनी आहे. शर्यतीच्या गाड्यांना तिचे ब्रेक लागले, पुढे तिच्या ब्रेकवर लाल रंग आला आणि जगभरच्या पोरांनी ठरवलं की ब्रेकचा रंग लाल. पोर्शेवाल्यांनी तर यात वर्णव्यवस्थाच आणली. त्यांच्याकडे लाल कॅलिपर म्हणजे जोरदार गाडी, पिवळा म्हणजे सिरॅमिकची डिस्क, पोपटी म्हणजे हायब्रिड. नुसता चाकाकडे कटाक्ष टाकून मालकाची ऐपत कळते. ब्रेम्बोचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे, तिथे मोटरसायकलींसाठी ‘बायब्रे’ नावाने ब्रेक बनतात. म्हणजे इटलीचा मान पुण्यापर्यंत आलेला आहे, फक्त वर्धा नदी ओलांडायचा राहिला होता. तोही आता भाऊंच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या डाव्या हाताला आला.

त्या शर्यतीच्या गाड्यांना ताशी तीनशेवरून थांबायचं असतं. आम्हाला तिसावरून थांबायचं असतं, आणि तेही रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय उठेपर्यंत. गाय उठली की पुढे रोही, त्याच्या पुढे रानडुक्कर. ब्रह्मपुरीकडे दिवाळीनंतर अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलेलं. गडचिरोलीकडे एप्रिलमध्ये मोह वेचणाऱ्या बाया, आणि त्याच मोहावर डोळा ठेवून असलेलं अस्वल. आमच्या दोन जिल्ह्यांत ब्रेक जितका वापरला जातो तितका त्या पोर्शेचा सात पिढ्यांत वापरला जाणार नाही. त्या हिशेबाने त्याचा सत्कार व्हायलाच हवा होता, यात वाद नाही.

वाद रंगाच्या खर्चाबद्दल आहे. कारण आमच्याकडे रंग फुकट मिळतो. घुग्गुसच्या रस्त्याने कोळशाच्या ट्रकांमागून एक चक्कर मारली की कॅलिपर अस्सल काळा होतो, मॅट फिनिशमध्ये. गडचांदूर-आवारपूरकडे गेलं की सिमेंटची राखाडी छटा मिळते. ती पावसात भिजली तर पक्की बसते, खरवडायला छिन्नी लागते. ऊर्जानगरला औष्णिक केंद्राच्या राखेचा फिकट राखी. आणि लालच हवा असेल तर आष्टी-आलापल्लीचा रस्ता आहे. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक तिथे झाडांची पानं, घरांची कवेलू, वाळत घातलेले कपडे आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पापण्या सारख्याच निःपक्षपातीपणे रंगवतात. २०२३ मध्ये त्या खाणीची परवानगी वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली, त्यामुळे लाल रंगाचा तुटवडा पडेल अशी भीती कोणी बाळगू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं आलं होतं. दहावीला एवढे पडले असते तर घरोघरी पेढे गेले असते.

पण पोराला हाताने रंगवायचं होतं. रविवारी सकाळी त्याने चाकाचे नट ढिले केले, जॅक लावला, चाक काढलं आणि लगेच गाडीखाली डोकं घालायला निघाला. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांतली काही आता फोटोत आहेत. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवायला लावलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग वायर ब्रश निघाला. कॅलिपरवरून वर्षानुवर्षांचा काळा थर निघू लागला आणि अंगणात, तुळशीवर, भाऊंच्या चहात उतरू लागला. त्यावर क्लीनरचा फवारा मारून तेलकटपणा काढायचा, कारण तेलावर रंग धरत नाही आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला तर ते धरलेला रंगसुद्धा खाऊन टाकतं. इथवर पोरगं शास्त्राप्रमाणे चाललं होतं.

खरी कसोटी काय रंगवायचं नाही यात असते. डिस्कवर रंग उडता कामा नये, पॅडला तर स्पर्शही नको. पिस्टनभोवतीचं रबर, एअर काढायचं निपल आणि ज्या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो त्या पिना, हे सगळं झाकावं लागतं. पिना रंगाने जाम झाल्या तर कॅलिपर एका बाजूने डिस्कला घट्ट मिठी मारून बसतो आणि सोडतच नाही. मास्किंग टेप अर्ध्यात संपली. तेव्हा उरलेली डिस्क झाकायला वर्तमानपत्र आणलं गेलं, आणि त्यात नेमकं या सदराचं पान होतं. या लिखाणाचा एखाद्या अपघाताला आळा घालण्यासाठी इतका थेट उपयोग आजवर झाला नव्हता.

एक हात पातळ मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. डब्यावरची ही सूचना इतर गावांसाठी होती. आमच्याकडे पहिला हात ब्रश डब्यात परत जायच्या आत वाळला. दुपारी बारा वाजता कॅलिपर लालबुंद होऊन चमकत होता आणि गल्लीतली सगळी पोरं उकिडवी बसून चाकात बघत होती. दुसऱ्या बाजूचंही झालं. मग मोठ्या उत्साहाने मागचं चाक काढलं आणि आत कॅलिपर नव्हताच. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, हे ज्ञान पोराला गाडीचे दोन वर्षांचे हप्ते फेडल्यावर झालं. तरी त्याने हार मानली नाही. ड्रमवर चिकटवायची लाल प्लास्टिकची कव्हरं मिळतात, दिसायला हुबेहूब कॅलिपर, काम काहीच नाही. लोकशाहीत अशा पदांना आपण मोठा मान देतो, तेव्हा तीही मागवली गेली.

सगळं झाल्यावर चाकं चढवली आणि चाकांवर टोप्या बसवल्या. लोखंडी चाक, त्यावर प्लास्टिकची व्हील कॅप. आतला लाल कॅलिपर कोणाला दिसेना, खुद्द मालकालाही नाही. त्या दिवसापासून भाऊंची गाडी टोप्यांशिवाय फिरते.

पुढच्या आठवड्यात ती मिस्त्रीकडे गेली, कारण ब्रेक दाबला की कर्रकर्र आवाज येत होता. मिस्त्री मूळचा वडशाकडचा, बोलणं कमी. त्याने चाक काढलं, लाल कॅलिपर पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि आत बोट घालून म्हणाला, “कलर तं मस्त हाय जी. पण पॅड घासले ना. टिकलीयेवढे राह्यले.” पॅडचा मसाला तीन मिलिमीटरच्या खाली गेला की बदलायचा, ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, हे त्याने थोडक्यात सांगितलं. पोराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पॅड लाल कलरमध्ये भेटतात का?”

पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो. पण त्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेला तो खांदा हळद-तुपाने, पळसाच्या पानाने शेकतात. शिंगांचा नंबर दुसऱ्या दिवशी. या जुन्या माणसांना मोटार मेकॅनिकचा कोर्स कोणी शिकवला नव्हता.

पोराला हसायचं तर हसा, पण तो शिकला कुठून ते बघा. आमच्याकडे मंत्री येणार म्हटलं की दुभाजकाला काळे-पिवळे पट्टे चढतात. रस्त्याकडेच्या झाडांना कमरेपर्यंत गेरू आणि चुना लागतो, मग फांदी वाहनावर लोंबकळत असली तरी चालते. उड्डाणपुलाच्या खांबावर वाघ, भिंतीवर वाघ, चौकात वाघ. २०१८ च्या मे महिन्यात रेल्वेने देशभरातल्या स्थानकांची सुशोभन स्पर्धा घेतली, तिचा पहिला क्रमांक बल्लारशा आणि चंद्रपूर या स्थानकांनी मिळून पटकावला. दहा लाखांचं बक्षीस. भिंतींवर ताडोबा उतरवला होता आणि कलाकारांचं काम खरोखर देखणं होतं, त्यात काहीच खोट नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच बल्लारशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, चंद्रपूरजवळच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. भिंतीवरचे वाघ सुखरूप आहेत. त्यांच्या जवळून गाडी जाते तेव्हा ती फलाटामुळे आधीच हळू झालेली असते.

जंगलाच्या रस्त्यांवरही आम्ही रंगाला कमी पडत नाही. ‘वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग, वाहन हळू चालवा’ असे फलक चंद्रपूर-मूल रस्त्याला आहेत. हरणाचं चित्र आहे, रेडियम आहे, रात्री ते लखलखतं. गाडीवाला ते नव्वदच्या वेगात वाचतो, आणि शुद्धलेखन बरोबर आहे म्हणून समाधानाने पुढे जातो. ताडोबाच्या आत मात्र चमत्कार होतो. हाच माणूस मोहर्लीच्या गेटातून जिप्सीत बसून आत शिरला की वीसच्या वेगाला हरकत घेत नाही, पान हललं तरी थांबा म्हणतो, आणि पुढे डिस्क नि मागे ड्रम असलेली, कसलाही कॅलिपर न रंगवलेली ती जुनी जिप्सी जागच्या जागी थांबते. तीन तासांनी तो गेटाबाहेर येतो, आपल्या गाडीत बसतो, आणि वाघ आतच असतात अशा श्रद्धेने चंद्रपूर गाठतो. त्या वाघांना बफर म्हणजे काय आणि गेट कुठे आहे, हे अजून कोणी लेखी कळवलेलं नसावं.

आता त्या लाल डब्याचं काय झालं ते. दोन कॅलिपरला रंग लागतो किती? अर्ध्याहून जास्त उरला. गल्लीतल्या एकाने जाळीच्या दरवाज्यासाठी मागितला, दुसऱ्याने गॅसच्या शेगडीसाठी. शेवटी तो पोराच्या मामाकडे गेला. मामाचं गाव आष्टीच्या पुढे, खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर. गावकऱ्यांनी बरेच अर्ज करून शाळेसमोर गतिरोधक मिळवला होता. त्यावरचे पांढरे पट्टे ट्रकांनी पुसून टाकले होते आणि रात्री मोटरसायकलवाले त्यावरून हवेत जात होते. नवे पट्टे कोण मारणार यावर ग्रामपंचायत आणि बांधकाम खातं यांचा पत्रव्यवहार चालू होता. मामाने आणि चार पोरांनी ट्रकांची रांग तुटलेली पाहून एका पहाटे तो डबा गतिरोधकावर संपवला. चारशे ऐंशी अंश सोसणारा, इटलीच्या शर्यतीतला लाल रंग.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला.

“रंग तं पक्का हाय बाबू, निघून नाही राह्यला. पण इथं सारंच लाल, दिसूनच नाही राह्यला. दुसरा कोनता हाय का तुझ्याकडं?”